दाणा धरेपर्यंत

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७



आजचे हे दोन श्लोक मी बरीच वर्षं भरभर वाचून पुढे जायचो. सहाव्या अध्यायात भगवंत ध्यान कसं करावं ते सांगतायत, जागा कशी असावी, पाठ-मान कशी सरळ ठेवावी, आणि मध्येच हा खाण्यापिण्याचा आणि झोपेचा विषय येतो. जो फार खातो त्याला योग साधत नाही, जो काहीच खात नाही त्यालाही नाही. जो फार झोपतो त्याला नाही, आणि जो जागतच राहतो त्यालाही नाही. ज्याचं खाणं, हिंडणं, काम, झोप आणि जाग हे सगळं मापात आहे, त्याचं दुःख हा योग दूर करतो. मला वाटायचं, या तर डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या सूचना झाल्या. खरं अध्यात्म पुढच्या श्लोकांत असणार.

आणि तो जो चौथा माणूस आहे ना, जागत राहणारा, त्यात काही दोष आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. आपल्या फील्डमध्ये ती शाबासकी आहे. "काल रात्री चारपर्यंत बसलो होतो" हे आपण तक्रारीच्या सुरात सांगतो, पण आतून कॉलर ताठ असते. भगवंतांनी मात्र त्याला अधाशी माणसाच्या रांगेत बसवलंय. ज्ञानेश्वरीत माऊली या जागी मापाची भाषा वापरतात. खाणं मोजून, चालणं मोजून, बोलणंही मोजून, आणि झोपेची वेळ झाली की तिचा मान राखून तिला येऊ द्यायचं. झोपेचा मान! नेवाशाला शके १२१२ मध्ये सांगितलेली गोष्ट आहे ही, आणि आपण झोपेला अजून 'वेस्ट' समजतो.

हे श्लोक मला ज्या प्रसंगानंतर नीट दिसले तो आज सांगतो. त्यात मी काही फार चांगला दिसत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढी जवळ आली होती. मी पुण्यात, सहा जणांची टीम माझ्याकडे. पैशांच्या व्यवहारांचा हिशोब जुळवणारी एक सिस्टीम आम्ही चालवत होतो आणि तिच्यात दर काही हजार व्यवहारांमागे एखादी नोंद दोनदा पडायला लागली. दोनदा म्हणजे कुणाचे तरी पैसे दोनदा वजा. त्यातून सगळं हळूही चाललं होतं. वरून सारखे फोन. आम्ही चार रात्री काढल्या. एकेक रात्र पुढे सरकत गेली तसा मी जास्त जोर लावत गेलो. स्लो चाललंय? वाट बघायची मुदत कमी करा. अजून स्लो? अजून कमी करा, जास्त वर्कर लावा. जुळत नाही? परत चालवा.

टीममध्ये एक मुलगा नवीन होता. कॉलेजमधून आलेला, शांत, मराठी माध्यमातला, इंग्रजीत बोलताना अडखळणारा. अगदी मी त्या वयात होतो तसा. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास कॉलवर त्याने काहीतरी विचारायला सुरुवात केली. मी वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "प्रश्न विचारायला नाही घेतलं तुला, उत्तरं आण." तो गप्प झाला. नंतर चौथी रात्रभर तो कॉलवर होता, पण माइक बंद.

सकाळी आईचा फोन आला. "पालखी सणसरला आलीय. उद्या बेलवाडीचं रिंगण. तू येणार होतास." मी नाहीच म्हणणार होतो. बायकोने फोन हातातून घेतला आणि येतोय म्हणून सांगून टाकलं. मला म्हणाली, "चार दिवस तू माणसासारखं बोललेला नाहीस. जाऊन ये. पिल्लूचं मी बघते." तिलाही नोकरी होती, मुलगी दोन वर्षांची होती. हे लक्षात ठेवा, पुढे याच्याकडे परत यायचंय.

माझं गाव वालचंदनगर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, इंदापूर तालुक्यात उसाच्या पट्ट्यात वसलेलं हे कारखान्याचं गाव. शेठ वालचंद हिराचंद यांच्या नावाचं. इस्रोच्या रॉकेटची मोटर केसिंग्ज इथे बनतात, हे आम्ही लहानपणी पाहुण्यांना न विचारता सांगायचो. आणि आमच्या शेजारून तुकोबारायांची पालखी जाते. बारामतीहून काटेवाडी, भवानीनगर, सणसर, मग बेलवाडीचं गोल रिंगण, पुढे अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर. देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघालेली पालखी आमच्या भागात येते तेव्हा चालणाऱ्यांच्या पायांची अवस्था बघवत नाही आणि चेहरे मात्र बघत राहावेसे वाटतात.

स्वारगेटवरून एसटीने बारामती, तिथून जंक्शन. लॅपटॉप बॅगेतच होता. दादा (माझे वडील) गाडी घेऊन न्यायला आले होते.

दुसऱ्या दिवशी रिंगण झालं. झेंडेकरी धावले, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावल्या, विणेकरी धावले, मग अश्व धावले. सगळे टापांखालची माती कपाळाला लावत होते. मी खरं सांगतो, मी कोपऱ्यात उभा राहून फोनला रेंज शोधत होतो. एवढ्या गर्दीत कुठली रेंज. पलीकडे लिंबाच्या सावलीत एक दिंडी विसाव्याला टेकली होती. एक म्हातारी आजी पायाला तेल चोळत बसली होती. तिने मला दोन-तीन वेळा फोन वर धरताना बघितलं आणि म्हणाली, "बस की रं लेकरा. फोन काय पळून चाललाय व्हय?" मी बसलो. तिने पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून दिला. पुन्हा काही बोलली नाही. तिला माझ्याशी बोलायची काही गरजही नव्हती, पायाचं काम चाललं होतं.

इथे मला एक गोष्ट सांगायचीय. "ब्रेक घ्या, आयडिया सुचतील" असं सगळे सांगतात. पण बसल्यावर पहिल्यांदा आयडिया येत नाही. पहिल्यांदा येतं ते, जे आपण धावत असताना मागे ढकललेलं असतं. रांगेत तेच पुढे उभं असतं. मला त्या लिंबाखाली बग आठवला नाही. मला तो बंद माइक आठवला. तो मुलगा गप्प झाला तो क्षण, आणि त्याच्या आधी तो काय म्हणत होता ते. मी ते ऐकलं होतं! कान बंद नव्हते माझे, मीच बंद होतो. तो विचारत होता, "सर, आधी टाइमआउट किती होता?"

बस्स. एवढंच वाक्य.

तेव्हाही मला उत्तर सुचलं नाही. फक्त पोटात खड्डा पडला. उठून चालायला लागावंसं वाटलं, आणि मला वाटतं आपण बहुतेक वेळा याच क्षणी उठतो, फोन काढतो, काहीतरी स्क्रोल करतो. त्या दिवशी रेंज नव्हती ही देवाची कृपा.

संध्याकाळी दादांना सगळं सांगितलं. दादांनी जन्मभर साखर कारखान्यात पॅनवर काम केलं. उसाचा रस आटवून झाला की तो घट्ट पाक पॅनमध्ये येतो आणि तिथे साखरेचा दाणा धरतो. ते म्हणाले, "नवा पॅनमन आला की हीच चूक करतो. पाक दाट झालेला दिसतो, वरून साहेब विचारतोय अजून किती वेळ, म्हणून तो आच वाढवतो, घाई करतो. मग पहिले दाणे मोठे व्हायच्या आधीच मध्ये नवीन बारीक दाणे पडतात. त्याला आम्ही खोटा दाणा म्हणतो. ते बारीक दाणे पुढे मशीनमध्ये मळीबरोबर निघून जातात नाहीतर जाळी चोंदवतात. माल तेवढाच, साखर कमी." पुढे म्हणाले की पॅनमधून काढलेला माल क्रिस्टलायझरमध्ये कित्येक तास नुसता हळूहळू फिरत गार होत असतो. बाहेरच्या माणसाला वाटतं इथे काहीच चाललेलं नाही. दाणा तिथेही वाढतच असतो.

त्या रात्री मी दहा तास झोपलो. सकाळी कालव्याच्या कडेने फिरायला गेलो आणि कुठल्यातरी वळणावर, उसाला पाणी सोडलेलं बघत असताना, सगळं एकदम समोर आलं. काम हळू चालतंय म्हणून आम्ही वाट बघायची मुदत कमी केली होती. मुदत संपली की सिस्टीम समजायची काम फसलं, आणि तेच काम परत पाठवायची. पण पहिलं काम फसलेलं नसायचं. ते आत चालूच असायचं, जरा उशिरा पूर्ण व्हायचं. म्हणून नोंद दोनदा. आणि परत पाठवलेल्या कामांमुळे गर्दी वाढून सगळं अजून हळू, म्हणून आम्ही मुदत अजून कमी करायचो. चार रात्री आम्ही खोटा दाणा पाडत बसलो होतो.

त्या मुलाच्या प्रश्नात उत्तर होतं. मी त्याला वाक्य पुरं करू दिलं असतं तर तिसऱ्या रात्रीच सुटलं असतं.

आता परत गीतेकडे येऊ. कधी विचार केलाय का, गीता कुठे सांगितली गेली? रणांगणावर, हे सगळे सांगतात. पण त्या रणांगणावर नेमकी कधी? रथ थांबल्यावर. पहिल्या अध्यायात अर्जुन कृष्णाला सांगतो की माझा रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये नेऊन उभा कर, मला बघू दे कोण कोण आलंय. शंख वाजून झालेत, शस्त्रं उचलली गेलीत, सगळ्यात घाईची वेळ, आणि भगवंत "आता वेळ नाही" असं म्हणत नाहीत. रथ नेऊन उभा करतात. सातशे श्लोक उभ्या रथात झालेत.

पण त्याच अध्यायाच्या शेवटी अर्जुन दुसऱ्या प्रकारेही थांबतो. धनुष्य टाकून खाली बसतो. या थांबण्याला मात्र भगवंत मान्यता देत नाहीत, दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच कडक बोलतात. पहिलं थांबणं बघण्यासाठी होतं, दुसरं बघवत नाही म्हणून. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. रविवारी दुपारी मी चार तास रील्स बघतो तेव्हा मीही थांबलेलाच असतो, पण दुसऱ्या प्रकारचा. उठताना अजून थकलेला असतो. तुमचा अनुभव वेगळा असेल तर सांगा, माझा तरी हाच आहे.

आता तुकोबाराय. १६३० च्या सुमाराचा तो मोठा दुष्काळ, धंदा बुडालेला, थोरली पत्नी आणि मूल अन्नावाचून गेलेलं, गावात पत गेलेली. परंपरा सांगते की तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटे बंधू कान्होबा शोधत शोधत तिथे पोचले. आपल्याला ही गोष्ट माहीत असते आणि आपण लगेच म्हणतो, एकांतात गेले आणि अभंग सुचले. पण मधला क्रम बघा. डोंगरावरून उतरल्यावर पहिल्यांदा अभंग आले नाहीत. पहिल्यांदा निघाली ती कर्जखतं. लोकांकडून यायच्या पैशांचे कागद. दोघा भावांनी वाटणी केली, कान्होबांनी आपला हिस्सा ठेवला, तुकोबांनी आपल्या हिश्शाची खतं इंद्रायणीत सोडून दिली. मग पडझड झालेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त केलं. नामदेवराय पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि कवित्व करायला सांगितलं, ते त्याच्या नंतर.

मी हा क्रम त्या आषाढीनंतर पहिल्यांदा नीट वाचला आणि जरा हादरलो. एकांताने तुकोबांना आधी दाखवलं ते हे की लोकांची नावं लिहिलेले कागद आपण अजून धरून बसलोय. माझ्याकडेही अशी वही होती. कोणी किती तास काम केलं, कोण लवकर लॉगऑफ झालं, कोणाने मला उत्तर देणं बाकी आहे. त्या मुलाच्या नावावर मी चार रात्रींचं कर्ज लिहून ठेवलं होतं, आणि खरं तर देणं माझं त्याला होतं.

मी पुण्याला परत जाऊन कॉलवर, सगळ्यांसमोरच, त्याची माफी मागितली आणि बग कोणाला सापडला ते सांगितलं. हे सांगताना मोठेपणा वाटत नाही, कारण घसा कोरडा पडला होता आणि दोन वाक्यं मी अडखळत बोललो. तो "इट्स ओके सर" म्हणाला. सहा महिन्यांनी तो दुसरीकडे गेला. माझ्यामुळेच गेला का, हे मी विचारलं नाही. अजूनही कधीकधी वाटतं विचारायला हवं होतं.

तुकोबांच्या एकांताची अजून एक बाजू आहे, ती आपण कीर्तनात हसण्यावारी नेतो. भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी कोण घेऊन जायचं? जिजाई. उन्हात, अनवाणी, पायात काटा रुतला तो पांडुरंगाने काढला अशी कथा आहे. आपण तिला कजाग म्हणून टाकतो. पण नवरा डोंगरावर बसलाय, घरात पोरं आहेत, धान्य नाही, आणि ही बाई चढ चढून भाकरी पोचवतेय. विसावा फुकट मिळत नाही, मंडळी. कोणीतरी तो उचलून आणतं. मी लिंबाखाली बसलो होतो तेव्हा माझी बायको एका हाताने मीटिंग आणि एका हाताने तापातली मुलगी सांभाळत होती. मुलीला ताप होता हे मला घरी गेल्यावर कळलं. तिने मुद्दाम सांगितलं नव्हतं. तेव्हापासून आमच्यात ठरलंय, महिन्यातला एक रविवार पूर्ण तिचा, आणि ती कुठे जाते, काय करते हे मी विचारत नाही. (तिने वाचलं तर म्हणेल, दोन रविवार चुकवलेस. खरंय.)

फ्रेंच गणिती हेन्री पॉंकारे यांचा एक अनुभव तुमच्यापैकी काहींनी वाचला असेल. अडलेलं गणित बाजूला ठेवून ते भूगर्भशास्त्राच्या सहलीला गेले, गणिताचा विषय डोक्यातही नव्हता, आणि घोडागाडीच्या बसच्या पायरीवर पाऊल ठेवताना उत्तर चमकून गेलं. पण त्यांनी स्वतःच बजावलंय की आधी जीव लावून केलेलं काम नसेल तर असं काही चमकत नाही. म्हणून मी कोणाला "काम सोडा, आराम करा" असं सांगत नाहीये. पॅनमध्ये आधी रस आटवावाच लागतो. साध्या पाण्याला कितीही वेळ गार करा, साखर मिळायची नाही. भगवंतही मापात काम करायला सांगतात, काम टाकायला नाही.

पण माप एकट्याच्या निश्चयाने टिकत नाही, हे मी दोन-तीनदा आपटून शिकलोय. इथे आपल्या परंपरेने करून ठेवलेली एक व्यवस्था मला फार आवडते. अखंड हरिनाम सप्ताह बघितलाय ना? सात दिवस, रात्रंदिवस, वीणा खाली ठेवायची नाही. पण म्हणून एकच माणूस सात दिवस उभा नसतो. पहारे लावलेले असतात. ठरलेल्या वेळी पुढचा पहारेकरी येतो, एकमेकांच्या पाया पडतात, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते, आणि आधीचा माणूस घरी जाऊन निवांत झोपतो. त्याला "लवकर गेलास" असं कोणी म्हणत नाही. अखंड वीणा असते, माणूस नाही. आमच्या ऑन-कॉलच्या यादीचं नाव मी 'पहारा' ठेवलंय. टीममधल्या दिल्लीच्या मुलीलाही आता तो शब्द येतो. वेळ संपली की ज्याने द्यायचं त्याने दोन ओळी लिहून द्यायच्या आणि लॉगऑफ व्हायचं. रात्री दोनला दोन पहारेकरी जागे दिसले तर त्यातल्या एकाला झोपायला पाठवायचं. पहिल्या महिन्यात मलाच दोनदा पाठवलं.

तुमच्यापैकी ज्यांची परीक्षा, रिलीज, थीसिस असं काही चाललंय त्यांना एक करून बघायला सांगतो. आज पंधरा मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवून नुसतं बसा. जप करायचा तर करा, नाही तर नका करू. पहिल्यांदा जे डोक्यात येईल ते बहुधा आवडणार नाही. कुणाचा तरी चेहरा येईल, न केलेला फोन येईल. उठू नका. ते येऊ द्या आणि कोणाचं आहे ते बघा.

परवा गावच्या सप्ताहात दादांचा पहाटे चारचा पहारा होता. रिटायर झाल्यापासून ते हाच मागून घेतात. मी त्यांना सोडायला देवळात गेलो. आधीचे पहारेकरी पेंगुळलेल्या डोळ्यांनी वीणा देऊन घराकडे निघाले. दादांनी वीणा गळ्यात घेतली आणि मला खुणेनेच सांगितलं, जा, झोप.

उद्या श्लोक १८ आणि १९. वारा नसलेल्या जागी ठेवलेल्या दिव्याचा तो दृष्टांत. आधी एकदा वाचून या.

राम कृष्ण हरी.